डाव्या हाताचा चाकू

माझ्या पहिल्या चाकूत काही खोट नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला बरंच काही बोलणार आहे. पातं चांगल्या पोलादाचं होतं, मूठ शिसवीची, बिजागरी घट्ट. उघडला की खट्‌ असा आवाज यायचा आणि मिटला की पातं मुठीत असं जाऊन बसायचं की खिशात चाकू आहे हे विसरायला व्हावं. पोलादपूरच्या अलीकडे हायवेला लागून जी नर्सरी आहे, तिथल्या सगळ्या कलमं बांधणाऱ्यांकडे हाच चाकू होता. मी त्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं, मी महाडला जाऊन तोच घेतला. अनुभवी माणसाला विचारावं आणि तो वापरतो तीच वस्तू घ्यावी, इतकी सरळ गोष्ट. माझं चुकलं ते तिथेच.

मी उमरठच्या बाजूच्या एका वाडीतली. बीएस्सी झालेली, वनस्पतिशास्त्र घेऊन. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं, वाडीतही नाही. निकाल लागला तेव्हा बाबांनी पेढे घरी आणलेच नाहीत, थेट कंपनीच्या बसमध्ये वाटून मोकळे झाले. महाडच्या एमआयडीसीत ते ठेकेदाराकडे कामाला आहेत, पाळ्यांमध्ये. बसमधल्या प्रत्येकाला माझे टक्के पाठ होते. घरी आईला डब्यातला उरलेला एक पेढा मिळाला आणि त्यातला अर्धा तिनं मला दिला.

पदवी झाली, पण पुढे काय, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. बाबांनी एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जागा बघून ठेवली होती. आत कँटीन, न्यायला-आणायला बस, डोक्यावर पंखा. माझ्या बरोबरीच्या दोघी तिथे जातातही आणि चांगल्या आहेत. पण मला आंब्याची कलमं बांधायची होती. कॉलेजात कलम म्हणजे काय हे मी तीन मार्कांच्या प्रश्नात लिहिलं होतं, आकृती काढून नावं दिली होती, आणि तीनपैकी तीन मार्क मिळवले होते. प्रत्यक्षात एकही बांधलं नव्हतं. याचा मला राग होता. ज्या गोष्टीचे मी पूर्ण मार्क घेतले ती मला यायलाच पाहिजे, असं माझं साधं म्हणणं.

म्हणून मी नर्सरीत गेले आणि मालकांना म्हणाले, मला कलमं बांधायला ठेवा. मालक भला माणूस. त्यांनी माझी पदवी ऐकली, मान हलवली आणि मला पिशव्या भरायला ठेवलं.

तिथली रीत अशी. कलमं बांधणारे हिरव्या जाळीच्या मांडवात, पोत्यांवर ओळीनं मांडी घालून बसतात. सगळे पुरुष. बायका बाहेर, पावसात इरलं नाही तर प्लॅस्टिक डोक्यावर घेऊन, काळ्या पिशव्यांत माती आणि शेणखत भरतात, रोपं वाहून आणतात, बांधलेली कलमं वाहून नेतात. मांडवात बाईनं बसायचं नाही असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. बसलेली मात्र कोणी नव्हती. मी पिशव्या भरत होते आणि जेवणाच्या सुट्टीत मांडवाच्या खांबाला टेकून त्यांचे हात बघत होते. शेवटी एक दिवस मालकच म्हणाले, एवढं बघतेस तर बांधून दाखव. एक वाफा तुझा. लागला तर मांडवात ये.

कलम म्हणजे काय, हे न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. रायवळ आंब्याची कोय रुजवून लहान रोप करतात. त्याचा शेंडा उडवून खोडाला मधोमध चीर पाडतात. मग हापूसच्या झाडावरून आणलेली पेन्सिलीएवढी काडी घेऊन तिचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासायचं, पाचरीसारखं. ती पाचर त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. बस. पण सगळा जीव त्या तासण्यात आहे. काप काचेसारखा सपाट पाहिजे. काडी आणि रोप एकमेकांना सगळीकडून टेकले तर दोघांचं एक झाड होतं. मध्ये केसभर पोकळी राहिली तर काडी काळी पडून मरते.

माझा सबंध वाफा काळा पडला.

आता हातांबद्दल सांगायला हवं. मी डावरी आहे. लिहिते मात्र उजव्या हातानं, कारण पहिलीत असताना गुरुजींनी आणि घरच्यांनी मिळून माझी पेन्सिल उजव्या हातात दिली. जेवते उजव्या हातानं, ते तर सगळ्याच मुलांना शिकवतात. पण दगड मारणं, विळा चालवणं, दार उघडणं, विहिरीतून कळशी ओढणं, सगळं डाव्या हातानं. आमच्याकडे याचं कोणी मोठं काही करत नाही. फक्त अधूनमधून एखादी म्हातारी हात बदलायला सांगते आणि आपण बदलल्यासारखं करतो.

माझा काळा पडलेला वाफा बघायला मांडवातले सगळे आले. त्यांतले सर्वांत जुने, ज्यांना मालकही भाऊ म्हणत, त्यांनी एक काडी उपसली, वास घेतला आणि टाकून दिली. रागानं नाही, अगदी समजुतीच्या सुरात ते म्हणाले, "डाव्या हातानं आपण देवाला फूल पण घालत नाय, आन तू झाडात जीव घालाया निघालीस. कसं लागल गो?"

बाहेर पिशव्या भरणाऱ्या एका मावशींना तर विषयच मिळाला. येता-जाता त्या विचारायच्या, बीएस्सीच्या हातचे आंबे कधी खायचे, दात पडायच्या आधी मिळतील का. मी म्हणायचे, मावशी, आता आहेत ते तरी सांभाळा. सगळ्या हसायच्या. मावशी स्वतः सगळ्यांत जास्त हसायच्या. पण घरी जाताना एसटीच्या खिडकीशी बसून मी माझा डावा हात बघत असे.

मालकांनी मला आणखी एक संधी दिली, पण अट स्पष्ट घातली. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला काड्यांची शेवटची खेप येईल. त्यातून एक वाफा तुला. तो लागला तर पुढच्या प्रत्येक हंगामाला मांडवात जागा, मांडवातली मजुरी. नाही लागला तर पिशव्या, आणि पुन्हा विचारायचं नाही. इकडे बाबांनीही सांगून ठेवलं होतं की पॅकिंगची जागा गणपतीपर्यंतच थांबेल. म्हणजे तो एक वाफा लागला तर मी कलमं बांधणारी. नाही तर मी बसमध्ये.

मी काय केलं? शिकलेला माणूस करतो ते केलं. आधी वाचलं, मग जास्त मेहनत घेतली. धार कमी असेल म्हणून चाकू महाडला धारवाल्याकडे दिला. त्यानं पातं असं करून दिलं की हातावरचे केस उडावेत. पिशव्यांच्या ढिगामागे बसून मी टाकाऊ काड्यांवर सराव केला. काप पहिल्यापेक्षा वाईट आला. धार जितकी तेज, तितकं पातं लाकडात खोल घुसायचं, मग उसळून वर यायचं. मग उजव्या हातानं करून बघितलं. लिहिता येतं तर तासता येईल असं वाटलं. काडी कापली गेली नाही, बोट कापलं गेलं. मावशींनी आपल्या पदराची चिंधी फाडून बांधली आणि त्या वेळी एक अक्षर चेष्टेचं बोलल्या नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

सुट्टीच्या दिवशी मी मांडवात पडलेल्या भाऊंच्या टाकाऊ काड्या पिशवीत घालून घरी आणल्या. माझ्याही आणल्या. पडवीत बसले, भिंतीवरचा आरसा काढून जमिनीवर आडवा ठेवला आणि भाऊंनी तासलेली एक काडी कापाच्या बाजूनं त्याच्यावर ठेवली. काडी काचेला चिकटल्यासारखी बसली. मग माझी ठेवली. ती होडीसारखी डुगडुगली. बोटानं एक टोक दाबलं की दुसरं वर. दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. सगळ्यांच्या पोटाला तोच फुगवटा, तोही दर वेळी त्याच जागी.

इथे मी थांबले. हात कच्चा असता तर काप दर वेळी वेगळा चुकला असता. एकदा इकडे, एकदा तिकडे. हा दर वेळी एकसारखा चुकत होता. एकसारखं चुकतं ते हत्यार. माणूस इतका शिस्तीत चुकत नाही.

माझ्या मोबाइलमध्ये भाऊंच्या हातांचा व्हिडिओ होता, मी खांबाला टेकून काढलेला. तो पात्यावर आणून थांबवला. आरसा उचलून भिंतीला टेकवला, त्याच्यासमोर बसले आणि काडी तासतेय अशी चाकू धरला. आरशात माझा डावा हात उजवा दिसतो. म्हणजे आरशातली मी आणि मोबाइलमधले भाऊ सारखे दिसायला हवे होते. हात सारखे दिसले. बोटं सारखी, कोपर सारखं. पातं उलटं होतं.

कलमाच्या चाकूला एकाच अंगानं धार काढलेली असते. एक अंग सपाट, दुसऱ्या अंगाला उतार. सपाट अंग काडीला टेकून सरकतं, म्हणून काप सपाट येतो. पण हे सगळं चाकू उजव्या हातात असेल तर. भाऊंच्या हातात सपाट अंग काडीकडे होतं. माझ्या हातात काडीकडे उतार येत होता. उतारावर टेकलेलं पातं डुगडुगणार नाही तर काय करणार? मांडवात कोणाला हे माहीत नव्हतं, कारण तिथे कधी कोणी डावरं बसलंच नव्हतं. चाकू चांगला होता. फक्त तो माझा नव्हता.

बाबा पहिल्या पाळीहून आले होते, चहा घेत होते. मी त्यांच्यासमोर चाकू, आरसा आणि काड्या मांडल्या आणि सगळं समजावलं. त्यांनी चाकू उलटसुलट करून बराच वेळ बघितला. उजव्या हातात धरला, मग डाव्या. मला वाटलं आता पॅकिंगचं काढतील. ते म्हणाले, "तुझा हात ल्हानपनी आम्ही बदलला तेवढा बास झाला. आता चाकू बदल."

त्याच चाकूची धार उलटी काढता आली नसती का? आली असती कदाचित, पण धारवाल्यानं पातं आधीच इतकं खाल्लं होतं की उतार घासून सपाट करेपर्यंत हातात मूठच उरली असती. म्हणून नवा घ्यायचं ठरलं आणि मी महाडच्या बाजारात गेले.

पहिल्या दुकानात मी सरळ विचारलं, डाव्या हाताचा कलमाचा चाकू आहे का. दुकानदारानं गल्ल्यावरून मान वर केली. म्हणाला, "डाव्या हाताचं कुलूप पण देऊ का, ताई?" उभी होती ती सगळी गिऱ्हाइकं हसली. मी म्हटलं, आधी चाकू द्या, कुलपाचं मग बघू. चाकू नव्हताच. कुलूप मात्र त्यानं खरंच दाखवलं, विकायची सवय जात नाही.

दुसऱ्या दुकानात चाकूंचं कपाटच होतं. पाचाडमार्गे रायगडावर जाणारी पोरं तिथून घेतात. एकात कात्री, करवत, बाटली उघडायचा आकडा, दात कोरायची काडी, सगळं. एकाला टॉर्च. एकाला होकायंत्र, तेही दुकानातल्या दुकानात तीन दिशांना उत्तर दाखवत होतं. पोऱ्यानं कागद हवेत धरून सरकन्‌ कापून दाखवला आणि माझ्याकडे असं बघितलं की आता पैसे काढाच.

आता माझ्याकडे मुली येतात आणि विचारतात, ताई, चाकू कुठला घेऊ. त्या सगळ्या धारेबद्दल विचारतात. मी त्यांना हा कागद कापायचा खेळ सांगते. धार ही चाकूतली सगळ्यांत स्वस्त गोष्ट. ती गेली तर दगडावर पुन्हा आणता येते. दुकानात धार बघून चाकू घेणं म्हणजे नव्या नवऱ्याचा इस्त्रीचा शर्ट बघून होकार देणं. जे नंतर बदलता येत नाही ते बघावं. पातं सरळ आहे की बाक आलेलं? जाडी किती? बिजागरी हलते का? पातं उघडून बाजूनं दाबलं आणि जरा जरी खुळखुळलं तर खाली ठेवावा, कितीही चकाकू दे. जितकी जास्त हत्यारं एका मुठीत, तितके जास्त सांधे, आणि प्रत्येक सांधा उद्या सैल होणार. मूठ गुळगुळीत नको, आपल्याकडे चार महिने हात ओला असतो. आणि या सगळ्याच्या आधी एकच गोष्ट. तो तुझ्या हातात धरून बघ. दुकानदाराच्या नाही, ज्यानं सुचवला त्याच्या नाही, तुझ्या. त्या हातानं जे काम करणार आहेस ते हवेत करून बघ. लोक हसले तर हसू दे.

तिसरं दुकान शेतीच्या अवजारांचं. कोयत्या, विळे, पंपाचे नळ, छाटणीच्या कात्र्या. मालक वयस्क, शांत. त्यांनी निदान माझं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं. डाव्या हाताचे चाकू असतात, त्यांनी सांगितलं, पण मागवावे लागतील, यायला वेळ लागेल. माझ्याकडे वेळ नव्हता. मग मी उलटा विचार केला. डाव्याचा तयार मिळत नाही, उजव्याचा नको, तर अजून कोणाचाच न झालेला घ्यावा. मी विचारलं, दोन्ही अंगांनी सारखी धार असलेला, जाड पात्याचा, सरळ, साधा चाकू आहे का?

त्यांनी खालच्या खणातून एक काढला. वायरमन लोक वायर सोलायला नेतात तसला. लाकडी मूठ, रंगही न दिलेली, दिसायला अगदी गरीब. इतका वेळ दाखवला नव्हता, कारण ताईंना हा कशाला, असं त्यांना वाटलं असणार. मी पातं काउंटरच्या काचेवर आडवं ठेवून खाली वाकून बघितलं. उजेड कुठून येतो का, ते. पातं सरळ होतं. उघडून बाजूनं दाबलं. हललं नाही. मग मी त्यांच्याकडे प्यायला पाणी मागितलं, हात भिजवले आणि ओल्या डाव्या हातानं चाकू धरून हवेत काडी तासली. एकदा, दोनदा, पाचदा. मूठ सरकली नाही.

त्यांनी शांतपणे विचारलं, "ताई, चाकू घेताय की लग्न जमवताय?"

"लग्नाला एवढं बघायला देतात कुठे," मी म्हटलं.

चाकू घेतला. बाहेर आले तेव्हा पाऊस होता आणि मी एसटी स्टँडपर्यंत भिजत गेले. खिशात हात घालून, तोही डावा.

घरी मागच्या दारी कोयती पाजवायचा दगड आहे. बाबांनी त्यावर पाणी मारलं आणि मी बसले. काम सोपं, पण चिवट. पात्याचं एक अंग दगडावर पूर्ण आडवं टेकवायचं आणि घासत राहायचं, त्या अंगाचा उतार नाहीसा होईपर्यंत. दुसऱ्या अंगाला हात लावायचा नाही. बाबांनी दोनदा सवयीनं चाकू माझ्या हातातून घेतला आणि दोन्हीकडून घासायला लागले. कोयती तशीच पाजवतात ना. दोनदा मी तो परत घेतला. तिसऱ्यांदा मी सरळ सांगितलं, बाबा, तुम्ही फक्त पाणी मारा. ते पाणी मारत बसले. आई चुलीपासून उठून आली, नवा चाकू घासून घासून बारीक होतोय हे बघितलं आणि विचारलं, भाकऱ्या थापू की आज चाकूच खाणार आहात दोघं. अंधार पडायच्या आत सपाट अंगात माझं नखसुद्धा स्वच्छ दिसायला लागलं.

एक काडी घेतली. डाव्या हातात चाकू, सपाट अंग लाकडाला टेकलेलं. एकच ओढ. पातं घुसलं नाही, उसळलं नाही, लोण्यातून जावं तसंही नाही. लाकडातून जावं तसं गेलं, पण सरळ. काडी आरशावर ठेवली. बोटानं एक टोक दाबलं, दुसरं जागचं हललं नाही. आंब्याचा चीक ओला होता. मी आरसा उचलून उभा धरला, काडी काचेला चिकटून तशीच राहिली. बाबांनी आरसा माझ्या हातातून घेतला आणि काडीसकट शेजाऱ्यांकडे दाखवायला घेऊन गेले. शेजाऱ्यांना काय कळलं असेल देव जाणे.

शेवटच्या खेपेच्या काड्या आल्या त्या दिवशी मी माझा वाफा बांधला. मांडवाबाहेर, प्लॅस्टिकखाली बसून. भाऊ मुद्दाम उठून आले, माझ्या हातातला चाकू बघितला, घेतला, उलटवला.

"ह्याची धार उलटी हाय."

"मी पण उलटीच हाय, भाऊ."

त्यांनी तो परत दिला, पण लगेच गेले नाहीत. माझ्या दोन काड्या तासून होईपर्यंत उभे होते. मग मांडवाकडे वळले.

मग वाट बघणं. प्रत्येक कलमावर लहान प्लॅस्टिकची पिशवी टोपीसारखी घातलेली असते, आत घाम धरतो आणि बाहेरून काही नीट दिसत नाही. हात लावायचा नसतो. मी रोज सकाळी पिशव्या भरायला जाताना वाफ्याजवळून जायचे आणि मान वळवायची नाही असं ठरवायचे. मान वळायचीच. मावशी म्हणायच्या, नजर लावू नको गो, स्वतःचीच लागल. घरी बाबा विचारत नव्हते, पण रोज माझ्या चेहऱ्याकडे बघायचे, चहाच्या पेल्याआडून.

गणपतीची मूर्ती आणायची गडबड वाडीत सुरू झाली होती. एका सकाळी मावशी माझ्या आधी नर्सरीत आल्या होत्या. मी फाटकातून शिरले तर त्या वाफ्याशी उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. त्यांनी मला हाक मारली नाही. फक्त बोट दाखवलं.

टोप्यांच्या आत तांबूस दिसत होतं. एका टोपीत नाही, सगळीकडे. आंब्याची नवी पालवी तांब्याच्या रंगाची असते, जून झाली की मग हिरवी. माझा वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडा झाला होता. मध्ये एखादी काडी गेलेली होती, ते भाऊंच्या वाफ्यातही होतं, सगळ्यांच्याच असतं. माझ्या वाफ्यात ती शोधावी लागत होती. मी शोधली. मला सगळं पूर्ण बघायचं होतं.

मालक आले. त्यांनी एका टोकापासून चालायला सुरुवात केली आणि चालता चालता त्यांचा वेग कमी होत गेला. त्यांनी भाऊंना हाक मारली. भाऊ आले, वाफ्याच्या मधलंच एक कलम उचललं, टोपी काढली, पट्टी सोडली. लागलेलं कलम असं उघडणं म्हणजे ते वाया घालवणं, पण मी अडवलं नाही. उघडा म्हटलं. भाऊंनी सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, वरून खाली, मग दुसऱ्या बाजूनं. नख कुठे अडकलं नाही. रायवळ कुठे संपला आणि हापूस कुठे सुरू झाला ते बोटाला लागत नव्हतं.

"लागलंय," ते म्हणाले. मालकांना नव्हे, मला.

मावशींनी तेवढ्यात बाकीच्या बायकांना गोळा केलं होतं. एकीनं विचारलं, काय झालं. मावशींनी अशा थाटात सांगितलं की जणू वाफा त्यांनीच बांधला, आणि इतकं छान सांगितलं की मीही ऐकत उभी राहिले. आरशाचं मी त्यांना कधी सांगितलं होतं मला आठवत नाही, पण तेही त्यात होतं.

मी फोन लावून बाबांना सांगितलं. ते कंपनीच्या फाटकाशी होते, आत जाताना मोबाइल जमा करावा लागतो, म्हणून दोनच वाक्यं झाली. संध्याकाळी कळलं की पॅकिंगची जागा त्यांनी त्याच दिवशी पाळी सुरू व्हायच्या आत दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीसाठी सांगून टाकली होती.

मालक शब्दाचे पक्के. म्हणाले, पोतं घे आणि बस मांडवात, आजपासून काजूची कलमं सुरू आहेत. मी पोतं घेतलं. मांडवात सगळे ओळीनं बसले होते, खांद्याला खांदा. त्यांनी सरकून मला मध्ये जागा केली. मी बसले नाही. मध्ये बसले असते तर माझं डावं कोपर शेजाऱ्याच्या उजव्या कोपरावर आपटलं असतं, दोघांच्याही हातात उघडी पाती. मला ओळीचं डावं टोक हवं होतं. डाव्या टोकाला उजेड चांगला येतो, पागोळ्या पडत नाहीत, आणि तिथे भाऊ बसत. किती वर्षं बसत होते ते मालकांनाही ठाऊक नसेल.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, भाऊ, मला ही जागा लागेल.

मांडवात कोणी काडी तासत नव्हतं. भाऊंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या डाव्या हाताकडे, मग दोन्ही बाजूंच्या कोपरांचा हिशेब त्यांच्या डोक्यात जुळलेला मला दिसला. ते उठले. पोतं झटकलं, काड्यांची टोपली उचलली आणि एक जागा उजवीकडे सरकले. बाकीच्यांना सगळ्यांना एकेक जागा सरकावं लागलं, शेवटचा जवळजवळ पावसात गेला.

"बस," भाऊ म्हणाले. "पन माज्या चाकूला हात लावू नको."

"तुमचा चाकू माझ्या कामाचा नाय," मी म्हटलं, आणि मांडी घालून बसले.